मास्तरांची शेवटची मांडी

चौकात मामी उजवीकडे वळल्या नाहीत, इथून ही हकीकत सुरू होते. एवढ्या एका वाक्यावर आम्हा तिघांचे एकमत आहे. त्यापुढे मामांचे म्हणणे निराळे, मामींचे निराळे, आणि मी मागच्या सीटवर असल्यामुळे दोघांच्या मानांच्या मधून जेवढे दिसले तेवढेच मला सांगता येते. जिथे ऐकीव माहितीवर विसंबावे लागले आहे तिथे मी तसे म्हणेन.

माझे मामा मोटार चालवायला शिकवत. गावातली निम्मी माणसे त्यांच्या हाताखालून गेलेली. खरे तर पायाखालून म्हणायला हवे, कारण त्यांच्या पांढऱ्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला होता, आणि शिकणाऱ्याचे चुकले की मामा खालच्या खाली सावरून घेत. "क्लच दोन, ब्रेक दोन, स्टिअरिंग एक," मामी म्हणत, "आमचा संसार जसाच्या तसा." टपावर तिकोनी पाटी होती आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी लाल अक्षरांत 'सावकाश, शिकाऊ चालक' असे लिहिले होते. चढावर गाडी मागे सरकू लागली की मामा "हाफ क्लच! हाफ क्लच!" असे ओरडत, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना हाफक्लच मास्तर म्हणत. समोर नुसतेच मास्तर. मी त्यांची सख्खी भाची असून गाडी शिकले नाही. असून नव्हे, असल्यामुळे.

मास्तर प्रमाणपत्र देत नसत, मांडी घालत. विद्यार्थी तयार झाला अशी खात्री पटली की त्या दिवशी ते चपला काढत, दोन्ही पाय पेडलांवरून वर उचलून घेत आणि सीटवर ऐसपैस मांडी घालून बसत. म्हणजे आता ब्रेक तुझा, क्लच तुझा, जीव मात्र दोघांचा. 'मास्तरांनी मांडी घातली' हा आमच्याकडे वाक्प्रचारच होऊन बसला होता, कुणाचा मुलगा परगावी एकटा राहू लागला तरी शेजारी म्हणत, "घातली म्हणायची का मांडी?" या प्रथेचा उगम शोधायचा मी प्रयत्न केला आहे. घड्याळे दुरुस्त करणारे गृहस्थ सांगतात की ती त्यांच्यापासून सुरू झाली. बेकरीवाला तेच स्वतःविषयी सांगतो. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या मते त्यांच्या वेळी मास्तरांनी मांडी घालून वर डोळेही मिटले होते. याला दुसरा आधार नाही, आणि मामांचा स्वभाव पाहता मी ते खरे धरत नाही.

मांडी न मिळालेली व्यक्ती एकच होती, आणि ती त्यांच्या घरात राहत होती.

मामींकडे लायसन्स होते. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी परीक्षा दिली आणि पहिल्या फेरीत पास झाल्या. मामांना ते मान्य नव्हते असे नाही. "लायसन्स सरकार देतं," ते म्हणत, "मांडी मी घालतो." तेव्हापासून दर रविवारी सकाळी मामी गाडी घेऊन पाण्याच्या टाकीपर्यंत जात आणि परत येत, आणि मामा शेजारी दोन्ही पाय पेडलांवर ठेवून बसत. परत आल्यावर मामी विचारत, "काय?" मामा म्हणत, "अजून जरा." मामी शाळेत शिवण शिकवत असत. पायमशीन चालवून त्यांच्या पायाला जी एकसारखी लय पडली होती, तिच्यावर मामांचा मुख्य आक्षेप होता. "तू गाडी चालवत नाहीस, शिवतेस," हे त्यांचे ठरलेले वाक्य. त्यावर मामींचे ठरलेले उत्तर होते, "आणि तुम्ही दर हातभर अंतरावर दोरा तोडता."

हे असेच आणखी कितीही वर्षे चालले असते. पण त्या वर्षी मामांच्या गुडघ्याने दगा दिला. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की आता पेडल नाही, उकिडवे बसणे नाही आणि मांडी तर मुळीच नाही. मामांनी वर्ग बंद केला. शेजारच्या गावात त्यांच्या एका जुन्या शिष्याचा स्वतःचा वर्ग होता. शाळेची सुट्टी संपली की तो येऊन गाडी घेऊन जाणार, असे ठरले. ज्या दिवशी ठरले त्या दिवशी मी तिथेच होते. मामी भांडी पुसत होत्या. पुसून झालेले ताट त्यांनी पुन्हा पुसले.

"सगळ्या गावापुढे मांडी घातलीत," त्या म्हणाल्या. "माझ्यापुढे घातलीत ती फक्त जेवायला."

"आता तीही बंद," मामा म्हणाले, आणि गुडघा चोळू लागले.

गाडी जाणार होती, मांडी घालणारा गुडघा गेलाच होता, आणि मामींचे "अजून जरा" कायमचे "अजून जरा" राहणार होते. हे सगळे लक्षात ठेवूनच त्या सुट्टीच्या सकाळी भाजी आणायला निघालेल्या आमच्या गाडीकडे पाहिले पाहिजे.

"उजवीकडे," चौकात मामा म्हणाले.

मामी सरळ गेल्या.

"उजवीकडे म्हटलं मी."

"ऐकलं."

"मग?"

"चुकलं. वळवू का आता?"

मामांनी मागे पाहिले. मागे बस होती, आणि रस्त्यावर मधोमध अखंड पांढरी रेघ. "इथे? अखंड रेघेवर? हेच शिकवलं का मी तुला?"

"मग सरळ जाते."

"जा. पण नियमाने वळता येईल अशी पहिली जागा आली की वळव."

मामांसारखा नाकासमोर चालणारा माणूस स्वतःच्या नियमाने असा पकडला गेलेला मी प्रथमच पाहत होते. चौकानंतर पूल लागला, पुलावर वळता येत नाही. पुलानंतर हमरस्ता लागला, आणि त्याचा दुभाजक काही केल्या संपेना. नियमाने वळता येईल अशी पहिली जागा आली तेव्हा तिथे हिरवी पाटी होती. बाण एकच होता आणि बाणापुढे लिहिले होते: 'वाळवंट राष्ट्रीय उद्याने'.

"वळू?" मामींनी विचारले.

मामांनी पाटी पुन्हा वाचली. नियम त्यांचाच होता.

"वळ," ते शेवटी म्हणाले. "पण भाजीचं काय?"

"भाजी कुठे जातेय?"

"भाजीच जाते. दुपारपर्यंत सगळी चांगली भाजी जाते."

ही सहल ऐनवेळी, मनात आले म्हणून घडली, असे मामी आजही सांगतात. मी हे विधान तपासून पाहिले आहे. पहिल्या उद्यानाच्या फाटकापाशी तिकिटासाठी त्यांनी भाजीची पिशवी उघडली तेव्हा तीत मला पाण्याच्या बाटल्या, मामांचा धुतलेला सदरा आणि तीन दात घासायचे ब्रश दिसले. त्यांतला एक कोरा, वेष्टनासकट होता. तो माझ्यासाठी होता.

फाटकावरच्या वनरक्षकाने आधी टपावरची पाटी वाचली, मग आत वाकून पाहिले.

"शिकायला इतक्या लांब आलात?"

"घराजवळ शिकून झालं," मामी म्हणाल्या. "आता परीक्षा आहे."

"कुणाची?"

"ते अजून ठरायचंय."

त्याने तिन्ही उद्यानांचे मिळून एकच तिकीट फाडले. उद्याने एकाच रस्त्यावर एकापुढे एक होती: आधी तांबड्या दगडांचे, मग मिठाच्या मैदानाचे, शेवटी वाळूच्या टेकड्यांचे.

तांबड्या दगडांच्या उद्यानात वाऱ्याने कोरलेल्या प्रचंड कमानी होत्या. लोक त्यांच्याखाली उभे राहून फोटो काढत होते. मामा कमानीपासून दूर उभे राहून तिचे निरीक्षण करत होते.

"उंची लिहिलेली नाही कुठे," ते म्हणाले.

"आपण पायी जाणार आहोत, मामा."

"तरी लिहायला हवी. उद्या कुणी ट्रक घेऊन आला तर?"

गाडीत बसल्यावर मात्र त्यांच्या काळजीला पाय फुटत, आणि ते पाय पेडलांवर असत. घरच्या सपाता घालून निघालेल्या मामांनी त्या दुपारी दगडांच्या सावल्यांसाठी ब्रेक दाबला, वाऱ्याने लोळत आलेल्या काटेरी झुडपासाठी दाबला, आणि रस्त्याच्या मधोमध उन्हाला बसलेल्या एका सरड्यासाठी तर इतका जोरात दाबला की माझ्या मांडीवरच्या बाटलीतले पाणी मामींच्या मानेवर गेले. सरडा हलला नाही. त्याने डोके वर करून पाटीकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातले. मागे एक मोठी गाडी येऊन उभी राहिली, आणि तिच्यातली मुले खिडकीतून वाचू लागली, "साव...काश... शि...काऊ..."

"जाईल की तो," मामी म्हणाल्या.

"पादचाऱ्याला आधी वाट."

"अहो, तो झोपलाय."

"झोपलेल्याला तर आधीच."

शेवटी मी उतरून टाळ्या वाजवल्या तेव्हा सरडा गेला. मामींनी गाडी सुरू केली आणि आरशात पाहत, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, "उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस वाळवंटात आणला. माझंच चुकलं."

त्या दिवशी मुक्काम दोन उद्यानांच्या मधल्या विश्रामगृहात झाला. ओसरीवर प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. ऊन उतरत आले होते आणि दगड तांबड्याचे जांभळे होत होते. मामींनी पिशवीतून मामांची गुडघ्याला बांधायची पट्टी काढून दिली.

"ही कुठून आली?"

"पिशवीतून."

"भाजीच्या पिशवीत माझी पट्टी काय करत होती?"

"भाजी आणायला निघाली होती."

मामांनी पट्टी चढवली. मग बराच वेळ ते त्या रिकाम्या रस्त्याकडे पाहत बसले. मी सरळच विचारले, "मामा, मामींना मांडी का नाही घातली कधी? खरं कारण सांगा."

"क्लच कच्चा आहे तिचा."

"ते खोटं आहे," मामी म्हणाल्या.

"वळणावर घाई करते."

"तेही."

मामांनी गुडघ्यावरची पट्टी सारखी केली. "मांडी घातली की दुसऱ्या दिवसापासून माणूस येत नाही," ते म्हणाले. "रोज सकाळी शेजारी बसलेला माणूस. त्याच्या घरचं सगळं आपल्याला ठाऊक झालेलं असतं. एक दिवस मांडी घातली की संपलं. नंतर रस्त्यात भेटतो तो नुसता हॉर्न वाजवून जातो. मी घड्याळवाल्याला मांडी घातली, तो आजतागायत हॉर्नच वाजवतोय."

मामी त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी काय हॉर्न वाजवून जाणार आहे? कुठे? दूध कोण तापवणार?"

"तसं नव्हे..."

"एवढी वर्षं त्या पाण्याच्या टाकीला मी प्रदक्षिणा घातल्या. टाकी नवसाला पावली असती एव्हाना. आणि हे का, तर हॉर्न?"

जेवताना मामांनी स्वतःच्या पानातला गोड पदार्थ मामींच्या पानात सरकवला. मामींनी तो खाल्ला, पण विषय सोडला नव्हता, हे त्यांच्या खाण्यावरून कळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिठाचे मैदान लागले. ते इतके सपाट आणि इतके मोकळे होते की कशाला धडकायचे म्हटले तरी काही सापडले नसते. ना झाड, ना दगड, ना सरडा. रस्ता सुतासारखा सरळ. मामी सुखाने चालवत होत्या. एवढ्यात मामांनी ब्रेक दाबला.

"आता काय?"

"पुढे पाणी आहे. रस्त्यावर."

आम्ही पाहिले. लांब रस्ता खरोखर चमकत होता.

"अहो, ते मृगजळ आहे."

"असेल. पण ओलं निघालं तर?"

मामींनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले. मी स्वतः पाहिले. त्या रागावलेल्या नव्हत्या, काहीतरी ठरवत होत्या. मग त्यांनी गाडी सुरू केली आणि वाळूच्या टेकड्यांपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

तिसऱ्या फाटकावरची वनरक्षक बाई आमची गाडी पाहून साशंक झाली. टेकड्यांमधून जाणारी वाट दाबून घट्ट केलेली आहे, लहान गाड्या जातात, पण शेवटचा चढ भुसभुशीत आहे, असे तिने सांगितले. तिने चाकांतली थोडी हवा कमी करून दिली.

"वाळूत नियम एकच," ती म्हणाली. "थांबायचं नाही. एकसारखा पाय ठेवायचा आणि कडक जमीन लागेपर्यंत एका दमात जायचं."

"थांबायचं नाही?" मामांनी विचारले. "असा कुठे नियम असतो? नियम नेहमी थांबायचा असतो."

"इथे थांबला तो रुतला, काका."

मामींनी पदर खोचला. वाट सुरू झाली. दोन्ही बाजूंनी पिवळ्या टेकड्या, त्यांच्या कडांवरून वाळूचा धूर उडत होता. मामींचा पाय जो एका ठिकाणी स्थिर झाला तो झालाच. गाडी शिवणयंत्रासारखी घरघरत एकसारखी चालली. घट्ट वाट संपली. चढ आला. गाडी किंचित डुलली, जशी वाळूत डुलणारच, मागचा भाग जरासा डावीकडे सरकला, मामींनी चाक हलकेच तिकडे फिरवले, गाडी सरळ होऊ लागली.

आणि मामांचे दोन्ही पाय खाली गेले.

गाडी थांबली. मग आम्हा तिघांना सावकाश, पाटीवर लिहिल्याप्रमाणे, खाली जात असल्यासारखे वाटले. मागची चाके अर्धी वाळूत गेली.

"बंद पडली," मामा म्हणाले.

"पडली नाही," मामी म्हणाल्या. "पाडली."

मी आणि मामांनी उतरून हातांनी चाकांभोवतीची वाळू उकरली, आणि गाडीतल्या मॅट काढून चाकांपुढे अंथरल्या. मामांच्या पायाखालच्या मॅटला ब्रेकपाशी टाचेच्या आकाराचे भोक पडलेले होते. ते काम झाल्यावर मामा हात झटकून आपल्या सीटकडे निघाले.

"तुम्ही कुठे?" मामींनी काचेतून विचारले.

"बसतो."

"ढकलणार कोण?"

"ही ढकलेल."

"हिने पुस्तकांपलीकडे काही उचललेलं नाही. तुम्ही मागे जा."

"मग ब्रेकवर कोण?"

"कुणी नाही," मामी म्हणाल्या, आणि काच वर केली.

आम्ही मागून जोर लावला. वाळूचा फवारा आमच्या तोंडावर आला. चाके मॅटवर चढली, गाडी हिसका न देता निघाली, आणि चालू लागली. मामांचे हात अजून तसेच पुढे होते. गाडी त्यांतून निसटून चालली होती.

"थांब!" मामा ओरडले. मग एका क्षणात त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग बदलला आणि ते दोन्ही हात हवेत उडवून त्याहून मोठ्याने ओरडले, "थांबू नको! अगं थांबू नको! जा! जा!"

त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांकडे मी नंतर चौकशी केली आहे. हे शब्द त्यांच्या तोंडून कुणीही कधी ऐकलेले नाहीत.

गाडी चढून पलीकडे उतरली आणि दिसेनाशी झाली. फक्त टपावरची पाटी शेवटपर्यंत दिसत होती. 'सावकाश.'

मामांनी सपाता हातात घेतल्या आणि आम्ही चाकांच्या खुणांवरून चालू लागलो. थोडे गेल्यावर मामा वाकले. उकिडवे बसणे मना होते म्हणून गुडघ्यांवर हात ठेवून नुसते वाकले, आणि वाळू वाचू लागले.

"इथे दुसरा गिअर टाकलाय," ते म्हणाले. "बघ, वाळू उडालेली नाही. म्हणजे क्लच हळू सोडलाय." आणखी पुढे गेले. "इथे घसरली थोडी. आणि बघ, भांबावली नाही. चाक घसरण्याकडेच दिलंय. हे मी शिकवलेलं नाही." शेवटी टेकडीच्या माथ्यावर ते थांबले आणि मागे वळून दोन्ही खुणांकडे पाहिले. उतारावर त्या खुणा एकमेकींना समांतर, कुठेही न तुटता खाली गेल्या होत्या.

"टाका सरळ आहे," मामा म्हणाले.

खाली कडक जमिनीवर गाडी उभी होती. मामी बॉनेटला टेकून पाणी पीत होत्या.

"ओरडत काय होतात?" त्यांनी विचारले. "काच वर होती, काही ऐकू आलं नाही."

"काही नाही," मामा म्हणाले.

"मामी, मामा 'थांबू नको' म्हणाले. 'जा' म्हणाले."

"कोण? हे?" मामी मनापासून हसल्या. "तुला ऊन लागलंय, गाडीत बस."

एकाच साक्षीदाराच्या भरवशावर असे विधान स्वीकारू नये, हे मलाही पटते. त्यामुळे मी वाद घातला नाही. चाकांत हवा भरून घेतली आणि आम्ही परतीला लागलो.

हमरस्ता लागून बराच वेळ झाला होता. मागच्या सीटवरून मला मामांच्या सीटकडे हालचाल दिसली. त्यांनी सपाता काढल्या होत्या. आधी चांगला पाय वर घेतला. मग दुसऱ्या पायाचा घोटा दोन्ही हातांनी धरला आणि जड पेटी फळीवर चढवावी तसा, इंच इंच, वर आणू लागले. कुठेतरी कट् असा आवाज झाला.

"काय झालं?" मामींनी विचारले.

"काही नाही. रस्त्यावर लक्ष दे."

"तुमचं काय चाललंय?"

"बसतोय."

मामींनी एकदाच, क्षणभर, शेजारी पाहिले. मामा मांडी घालून बसले होते. घाम कपाळावरून नाकापर्यंत आला होता, पण पाठ ताठ होती. खाली दोन्ही पेडल मोकळे होते.

शिकवणीच्या गाडीत आरसे दोन असतात. मामांच्या आरशात मला मामींचा चेहरा दिसत होता. त्यावर नेमके काय होते ते मी खात्रीने सांगू शकत नाही, कारण आरशावर वाळू बसली होती. एवढे मात्र खरे, की एरवी गाडी चालवताना श्वाससुद्धा जपून घेणाऱ्या मामी त्या दिवशी गुणगुणत होत्या. पुढे एक ट्रक रेंगाळत होता. मामींनी दिवा दाखवला, बाजू घेतली आणि त्याला मागे टाकले. मामांचे हात सीटच्या कडेला घट्ट आवळले गेले, पण मांडी हलली नाही.

ती हललीच नाही. दारापाशी गाडी थांबल्यावर हे लक्षात आले.

"उतरा," मामी म्हणाल्या.

"उतरता येत नाही."

"म्हणजे?"

"मांडी सुटत नाही."

शेजारी जमले. बेकरीवाल्याने खांद्याखाली हात घालून उचलून पाहिले, तेव्हा मामा जसे बसले होते तसेच, मांडीसकट, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखे वर आले. त्यांना पुन्हा ठेवण्यात आले. "मास्तर, कुणाला घातलीत?" असा प्रश्न गर्दीतून आला, पण उत्तर द्यायच्या अवस्थेत मामा नव्हते. शेवटी मामी पुन्हा स्टिअरिंगवर बसल्या आणि गुडघ्यांच्या डॉक्टरांच्या घराकडे निघाल्या. चौकात या वेळी त्या उजवीकडे वळल्या.

डॉक्टर बाहेर गाडीपाशीच आले. तेही मामांचेच विद्यार्थी. आत वाकून पाहताच त्यांचा पारा चढला.

"मास्तर, मी काय सांगितलं होतं? मांडी मुळीच नाही म्हणून..." आणि ते मधेच थांबले. त्यांनी मोकळ्या पेडलांकडे पाहिले. मग मामींकडे. "कुणाला?" त्यांनी अगदी हळू विचारले.

"हिला," मामा म्हणाले. "पण वळणावर अजून..."

"अहो," मामी म्हणाल्या.

मामांनी त्यांच्याकडे पाहिले.

"तयार," ते म्हणाले.

डॉक्टरांनी तेवढ्यात घोटा धरून पाय ओढला. मामांचा त्यापुढचा शब्द मी इथे देत नाही.

या मांडीच्या वैधतेविषयी मामांनी नंतर शंका उपस्थित केली आहे. पाय अडकलेला होता, त्यामुळे मनात असते तरी तो ब्रेकवर नेता आला नसता, सबब ती मांडी स्वेच्छेची धरता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. मामींनी तो ऐकून घेतला आणि विचारले, "वर कुणी चढवला होता पाय?" त्यावर मामांनी वर्तमानपत्र उघडले.

सुट्टी संपली आणि शेजारच्या गावचा शिष्य ठरल्याप्रमाणे गाडी न्यायला आला. त्याला पाणी दिले, बसवले, गुडघ्याची हकीकत सांगितली. मग मामींनी किल्ली उचलली, टपावरची पाटी उतरवून त्याच्या हातात ठेवली आणि त्याला बसस्टँडवर सोडून आल्या. मामा गॅलरीत उभे होते. गाडी कोपऱ्यावर पोचली तेव्हा त्यांचा उजवा पाय फरशीवर आपोआप दाबला गेला, हे मी पाहिले. आणि वळता वळता मामींनी हॉर्न वाजवला, हेही.